रिठ्याचं पाणी

दोष सगळा काळदाते मास्तरांचा. आणि तेच दर्ग्यात येऊन दाऊदशा फकिराला विचारत होते, "मग माझी पोरगी घराच्या आत का येत नाही?"

दाऊदशा उरुसाच्या चादरी धूत बसला होता. साबण नाही, रिठे. त्या दर्ग्याची रीतच तशी.

"अडवलंय कुणी तिला?"

"मी एवढंच म्हटलं, यायचं तर त्या घराशी तोडून ये. नाहीतर येऊ नकोस. यात चुकलं काय माझं?"

वैजूनं बापाला न विचारता परजातीत लग्न केलं, गुन्हा एवढाच. दर पाडव्याला ती येते, उंबऱ्याबाहेरूनच बापाला ओवाळते. आणि हा गृहस्थ पाठ फिरवून बसतो. या वयाच्या माणसांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो.

"धड आत नाही, धड बाहेर नाही," मास्तर म्हणाले. "ढोंग नुसतं!"

दाऊदशानं वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं. वर उदाची राख भुरभुरली. मग रिठ्याच्या पाण्यात बुडवलेलं बोट मधोमध टेकवलं.

राख झर्रकन काठाला पळाली.

"हे काय झालं, मास्तर?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. मास्तरांची मान ताठ झाली.

"सोपं आहे. रिठ्यातल्या कणाला दोन टोकं. एकाला पाण्याची ओढ, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते कण वर येऊन पृष्ठभागावर दाटीवाटीनं उभे राहतात. डोकं पाण्यात, शेपूट हवेत. पाण्याचा ताण उतरतो."

"सगळेच्या सगळे आत का बुडत नाहीत?"

"शेपूट जाऊ देत नाही."

"मग उडून का जात नाहीत?"

"डोकं सोडत नाही ना!"

"हां... मग यातलं ढोंगी टोक कोणतं?"

मास्तर वाडग्यावर वाकले.



दोरीवरच्या चादरीतून पाणी ठिबकत राहिलं.

"कोणतंच नाही," ते पुटपुटले. आणि डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घ्यावा तसे त्यांचे खांदे खाली आले. चक्क हसू फुटलं म्हाताऱ्याला. "बाबा, परवा पाडवा! ती येईल. मीच उंबऱ्याशी पाट मांडून बसतो. तोंड दाराकडे."

"बसा."

"फार उशीर नाही ना झाला...?"

दाऊदशानं चादर पिळली.

"अकरा पाडवे गेले, मास्तर."