करंड्यातली हळद

हळदीच्या गिरणीचे मालक बापूशेठ बेकार माणसाला दारात उभं करत नसत. "ज्याला दुसऱ्याने ठेवलं नाही, त्याला मी कशाला ठेवू?" म्हणायचे. तीन महिने घरी बसलेल्या द्रुपदाबाईने मग देवापुढच्या करंड्यातली हळद तळहातांना चोळली आणि शेठपुढे ठोकून दिलं, "सध्या पलीकडच्या गिरणीत आहे."

शेठनी हात निरखले. "तळवे पिवळे आणि नखांच्या कडा पांढऱ्या? खोटारडी!"

द्रुपदाबाईची मान खाली गेली. "खोटं बोलले, शेठ. पण खरे हात घेऊन चारदा आले, तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत."

शेठ दारातून बाजूला झाले. काम मिळालं.

आता तिच्या नखांच्या कडाही पिवळ्या असतात. तरी त्या करंड्याला शिवण्याआधी ती हात धुते, पुन्हा पुन्हा धुते.