दुनावी रेशमाचं बारसं

एक होती आत्या. राजाही होता, पण तो मागाहून येतो, त्याला घाई नाही. आधी आत्या.

तिचं नाव भिवरा. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, भावाच्या घरी. भाऊ सोनबा कोष्टी, रेशीम विणणारा. घरात मधोमध वडलांच्या वेळचा सागवानी माग आणि त्याच्या भोवतीनं सगळा संसार. चूलसुद्धा मागाला वळसा घालून गाठायची.

त्या गावची एक रीत होती, बरं का. नवं कापड विणून झालं की त्याचं बारसं करायचं. अगदी बाळासारखं! विणकराच्या बहिणीनं कापडाच्या काठाशी तोंड न्यायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं. मग बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. त्यानंतरच कात्री लावून कापड मागावरून उतरवायचं. नाव चुकलं तर कात्री चालायचीच नाही. का? ते मला नका विचारू. कात्रीला विचारा.

पण भिवरा आत्याचं नाव कधी चुकत नसे. तांबडं दिसलं की कुंकू, पिवळं दिसलं की चाफा. कुर्रर्र, धपाटा, कच्! झालं बारसं, वाटा घुगऱ्या.

एकदा काय झालं, राजाच्या मुलीचं, मैनावतीचं, लग्न ठरलं. राजानं सोनबाला बोलावून सांगितलं, "शालू हिरवा हवा." सोनबा म्हणाला, "जी महाराज." जिना उतरतो न उतरतो तोच मैनावतीनं गाठलं. "सोनबाकाका, मला जांभळाच हवा हं!" सोनबा म्हणाला, "जी बाईसाहेब."

आता हा माणूस असा, की कुणाला नाही म्हणायची वेळ आली की याच्या घशात गुंता व्हायचा. मग घरी येऊन त्यानं काय करावं? उभे धागे घातले हिरवे आणि आडवे घातले जांभळे. राजघरचं काम म्हणून मागाला पडदा लावला आणि आत गुपचूप विणत बसला. बायकोला बोलला नाही, बहिणीला बोलला नाही. मी शेजारी असते ना, तर त्या पडद्याला फट पाडली असती. पण त्या घरातल्या बायका माझ्यासारख्या नव्हत्या.

शालू झाला. इतका तलम, की जवळ जाऊन बोललं तरी लाजल्यासारखा थरथरायचा. बारशाला आळीतल्या बायका जमल्या. पडदा काढला. आत्या दाराच्या बाजूला उभी होती. तिला दिसला हिरवागार.

"कुर्रर्र, राघू!" धपाधप धपाटे बसले. सोनबानं कात्री लावली. कात्री हटून बसली.

खिडकीच्या बाजूनं सोनबाची बायको तुळसा म्हणाली, "अहो वन्सं, राघू कुठला? हे तर जांभूळ आहे!"

"डोळे धुऊन ये तुळसे," आत्या म्हणाली. पण मागाला वळसा घालून खिडकीशी गेली आणि बघते तर काय, गर्द जांभळा! मग म्हणाली, "कुर्रर्र, जांभूळ!" पुन्हा धपाटे. कात्री पुन्हा ढिम्म.

तेवढ्यात दाराकडच्या बायका ओरडल्या, "जांभूळ नव्हे हो, हिरवा!" आत्या दाराशी धावली. हिरवा. खिडकीशी धावली. जांभळा. मग इकडच्या बायका तिकडे आणि तिकडच्या इकडे. सगळ्या मागाभोवती गरागरा फिरायला लागल्या, जशी काही मंगळागौरच. कुणी म्हणाली नजर लागली. कुणी म्हणाली आत्याचे डोळे गेले.

"सोनबा, तू घातलंस तरी काय?" आत्यानं विचारलं.

सोनबा म्हणाला, "अक्का, हिरवाही घातला आणि जांभळाही घातला. आता कुठला राहिला आणि कुठला गेला, मलाच कळेना!"

मग राजाचा शिपाई आला. म्हणाला, "मुहूर्तापर्यंत शालू आला नाही तर महाराज माग फोडणार, आणि पंगतीच्या चुलीत घालणार."

वडलांचा माग! आत्यानं घाईघाईनं तोंड खाली नेलं आणि राजाला गोड वाटेल असं नाव सांगितलं, "कुर्रर्र, राजशोभा!" तर मागावरचा धोटा, तो धागा घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो टुणकन उडाला आणि आत्याच्या नडगीवर बसला. कात्री तर उघडेचना.

बायका पांगल्या. आत्या ठणकती पाठ मागाला टेकून बसली. कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा? आपल्याच दोन डोळ्यांचं आपल्याशी पटेना.

इतक्यात दारात कोण? अंगाला हळद लागलेली, डोळे सुजलेले, मैनावती!

"बाळ, तुझ्या शालूचं काय झालंय, मला काही कळेना गं," आत्या म्हणाली.

"मलाही काही कळेनासं झालंय, आत्या," मैनावती तिच्या शेजारीच बसली. "आज ताटात तांदूळ पसरून माझं नवं नाव लिहिणार आहेत. राजलक्ष्मी. मग मैनावतीचं काय होणार? ती कुठं जाणार?"

"जातीय कुठं! मी माहेरी भिवरा, सासरी कावेरी. इकडून हाक आली की भिवरा उठायची, तिकडून आली की कावेरी उठायची. उठणारी मी एकटीच ना?"

एवढं बोलली आणि आत्यानं शालूकडे पाहिलं. दाराकडून पाहिलं, खिडकीकडून पाहिलं. मग ती उठली, काठ हळूच हातात घेतला आणि तोंड जवळ नेलं.

"कुर्रर्र! अगं, तुला एक नाव पुरत नव्हतं होय? इकडून राघू, तिकडून जांभूळ. दुनावी गं बाई तू, दुनावी!"

धपाटा घालायला बायका नव्हत्या. मग मैनावतीनंच असा सणसणीत घातला, की आत्या कळवळली. सोनबानं कात्री लावली. कच्! शालू अलगद मैनावतीच्या ओटीत उतरला.

मांडवात राजानं पाहिलं, लेक हिरव्या शालूत. खूश. मैनावतीनं मान खाली घातली, तर मांडीवर जांभळा. तीही खूश. मग ती वळली, तशी राजानं डोळे चोळले. अजून चोळतोय म्हणे. पण मागाला कुणी हात लावला नाही. तांदळात राजलक्ष्मी लिहिलं, त्याच्या शेजारी मैनावतीनं बोटानं मैनावतीही लिहिलं. कुणी पुसलं नाही.

निघताना पालखीचा पडदा सारून ती म्हणाली, "येते हं, कावेरीआत्या!"

कितीतरी वर्षांनी त्या नावानं हाक आली होती. आत्यानं आधी मागं वळून पाहिलं, आणि मग मोठ्यानं "ओ" दिली.

तेव्हापासून त्या गावात त्या रेशमाला दुनावीच म्हणतात. मैनावती तिकडे सुखात, आत्या इकडे सुखात. आता तुम्ही. शाळेतला मिलिंद आणि घरातला गोट्या, शाळेतली शर्वरी आणि घरातली चिंगी, चौघंही एकाच पांघरुणात शिरा बघू. आणि दिवा मालवल्यावर हाक मारली, तर एकानंही ओ द्यायची नाही.