उतारावरची खुर्ची

एकदा एक तरुण चालक चढाच्या प्रेमात पडला होता. चढ दिसला की गडी खूश. उताराचा विचार त्याने कधी केला नव्हता. आपल्यापैकी तरी कितीजण करतात? म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलो आहे.

त्याचं नाव सुयोग धुमाळ, भोरकडचा. त्या बाजूला पावसाळ्यात चिखलातून गाड्या पळवायच्या शर्यती होतात. त्यात या पठ्ठ्याने सलग तीन वर्षं पहिला नंबर सोडला नव्हता. गुडघाभर राडा असो, चाकं बुडालेली असोत, हा गाडी बाहेर काढणार म्हणजे काढणारच. अशा मुलाला हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात काम मिळालं. तिथे डॉ. सुनेत्रा बर्वे एक छोटा दवाखाना चालवत. मोठं इस्पितळ चाळीस किलोमीटर खाली. हिवाळ्यात त्या रस्त्यावर बर्फ असतो, आणि रोग्याला खाली न्यायचं तर दवाखान्याची गाडी हाच एक आधार.

गाडी इतकी वर्षं चालवत होते दौलतराव शिर्के. साताऱ्याकडचे. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झाले आणि नंतरची पंधरा वर्षं याच खोऱ्यात राहिले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आता त्यांचे गुडघे पार गेले होते. मे महिन्यात सुयोग आला, तेव्हापासून ते त्याला शेजारी बसवून शिकवत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘उस्ताद ‘हो’ म्हणाले तर हिवाळ्यात गाडी सुयोग चालवेल. नाही म्हणाले तर सुयोग घरी जाईल आणि उस्ताद सुजलेल्या गुडघ्यांनिशी आणखी एक हिवाळा काढतील.’’ गाडीची किल्ली उस्तादांच्या कोटाच्या खिशात असायची. सुयोगचं सगळं लक्ष त्या खिशाकडे.

त्या वर्षी एका दानशूर गृहस्थांनी दवाखान्याला नवी गाडी दिली. इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचतो, अशी ती गाडी. सुयोगचा आनंद काय विचारता! गाडी आली मात्र साध्या रस्त्याच्या टायरवर. हिवाळ्याचे टायर घ्यायला गुरू-शिष्य पायथ्याच्या गावी गेले. तिथले टायरवाले ठाकूरजी उस्तादांच्या जुन्या ओळखीचे.

ठाकूरजींनी दोन संच दाखवले. पहिल्या संचाला मुठीएवढे उंच ठोकळे, रुंद छाती, पाहताक्षणी धाक वाटावा असं रूप. दुसरा संच थोडा अरुंद, दिसायला अगदी गरीब. त्याच्या नक्षीवर पात्याने कापल्यासारख्या बारीक बारीक चिरा होत्या आणि कडेला डोंगराच्या चित्रात एक हिमकण कोरलेला होता.

‘‘उस्ताद, यात बघायचं काय?’’ सुयोग पहिल्या संचावर थाप मारत म्हणाला. ‘‘हे चिखल फाडतात. बर्फ म्हणजे तरी काय, पांढरा चिखल! शिवाय आपली गाडी चारही चाकांनी ओढणारी. हे दुसरे तर शाळेच्या बसला लावायचे टायर वाटतात.’’

‘‘तुझी खात्री आहे?’’

‘‘शंभर टक्के.’’

‘‘मग तेच घेऊ,’’ उस्ताद म्हणाले. निघताना मात्र ते ठाकूरजींना हळूच म्हणाले, ‘‘दुसरा संच पंधरा दिवस कुणाला देऊ नका.’’ आणि दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांना सांगितलं, ‘‘मी सांगेपर्यंत नव्या गाडीत रोगी बसवायचा नाही. तोवर मी इतकी वर्षं चालवलेली जुनी जीप आहे, चाकांना साखळ्या बांधून नेईन.’’ डॉक्टरांना काही उलगडा झाला नाही. पण पंधरा वर्षांचा अनुभव होता, त्यांनी जास्त विचारलं नाही.

नोव्हेंबरात बर्फ पडला. दोन दिवस पडला, तिसऱ्या दिवशी ऊन आलं, चौथ्या दिवशी सकाळी सगळं गोठून काचेसारखं घट्ट झालं. दवाखान्यामागे एक सरळ चढ होता, सदा सावलीतला. सुयोगने गाडी काढली, चारही चाकांना जोर दिला आणि तो चढ चढून दाखवला. चाकं थोडी फिरली, बर्फाचा चुरा उडाला, पण गाडी वर गेली. गावातली माणसं जमली. माथ्यावरून मागच्या बाजूने एक लांबचा रस्ता खाली येतो. त्यावर ऊन असतं, बर्फ टिकत नाही. सुयोग त्या वाटेने खाली आला आणि पुन्हा चढला. असं तीनदा. तिसऱ्या वेळी तर टाळ्या पडल्या.

लाल झालेल्या नाकाने, हसत हसत तो उस्तादांपुढे उभा राहिला. ‘‘बघितलंत?’’

‘‘बघितलं. चढली.’’

‘‘मग गाडी तयार?’’

‘‘ते तू सांगायचं. गाडी तयार आहे का?’’

‘‘आहे, उस्ताद. एकदम तयार.’’

उस्ताद दवाखान्यात गेले. बाहेर आले ते एका हाताने लाकडी खुर्ची ओढत. दुसऱ्या हातात चहाचा पेला. लंगडत लंगडत ते त्या सरळ चढाच्या पायथ्याशी गेले, रस्त्याच्या अगदी मधोमध खुर्ची ठेवली, शाल गुडघ्यांवर घेतली आणि बसले.

‘‘आता मागच्या वाटेने वर जा,’’ ते म्हणाले. ‘‘माथ्यावरून इकडे, सरळ माझ्याकडे उतर. माझ्यापासून दहा हातांवर गाडी थांबव. मग किल्ली तुझी.’’

सुयोगला आधी चेष्टा वाटली. पण उस्ताद चहा फुंकत शांत बसून होते. तेवढ्यात डॉक्टर धावत बाहेर आल्या.

‘‘शिर्केकाका, हा काय वेडेपणा! उठा आधी तिथून!’’

‘‘का बरं? पोरगा म्हणतोय गाडी तयार आहे. उद्या तुमचे रोगी त्याच्या शब्दावर गाडीत बसणार. मग आज मी बसलो तर काय बिघडलं? जा रे, सुयोग. चहा निवायच्या आत ये.’’

सुयोग गेला. वर पोचून त्याने गाडी उताराच्या तोंडाशी आणली. खाली पाहिलं. एवढासा म्हातारा, डोक्याला मफलर, हातात पेला. मघाशी तोच रस्ता त्याला किती लहान वाटला होता! आता तो संपता संपेना. त्याने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं अजून सपाटीवर होती, तेवढ्यात त्याने हलकेच ब्रेक दाबून पाहिला. चाकं थांबली. गाडी मात्र वीतभर पुढे घसरत गेली आणि मग थांबली.

त्याने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. उतरून चारही चाकांपुढे दगड लावले. आणि चालत, दोनदा आपटत, तो उतार उतरून खाली आला. जमलेल्या माणसांकडे त्याने पाहिलंही नाही.

‘‘उस्ताद, उठा,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्याने होणार नाही. गाडी थांबणार नाही.’’

‘‘कशावरून? उतरवलीस कुठे अजून?’’

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘कधीपासून?’’

सुयोगने मान खाली घातली. मग त्याचा बांध फुटला. ‘‘पहिल्यांदा चढलो तेव्हापासून. माथ्यावर ब्रेक मारला तेव्हाही ती अशीच घसरली होती. माझ्या लक्षात आलं होतं. पण खाली टाळ्या वाजत होत्या, उस्ताद. मला वाटलं, तुम्ही चढ बघताय, तर चढच दाखवावा. मला घरी नव्हतं जायचं.’’ आणि तो तिथेच, सगळ्या गावासमोर रडला.

उस्तादांनी पेला खाली ठेवला. ‘‘बस इथे,’’ ते म्हणाले. शिष्य बर्फातच बसला.

‘‘ऐक. चार चाकांना जोर मिळतो तो पुढे ढकलायचा. थांबवायचा जोर त्यात छटाकभरही वाढत नाही. ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. त्यापुढे थांबवायचं काम करतं फक्त रबर, जिथे ते रस्त्याला टेकतं तिथे. म्हणून अशी गाडी जास्त फसवते. साधी गाडी चढावरच अडकते आणि आपल्याला आपली लायकी कळते. ही वर नेऊन ठेवते, आणि मग उतरताना कळतं. तोवर उशीर झालेला असतो. आता तुझ्या त्या टायरचं. चिखलात खालची जमीन मऊ असते. तिच्यात रुतायला ठोकळा टणक लागतो. तिथे तू चुकत नव्हतास. इथे जमीन दगडासारखी झाली आहे. वर जाऊन नख दाबून बघ, तो टायरही थंडीने लाकडासारखा झाला असेल. दोघंही टणक. कोण कुणाला धरणार? जमीन तर काही मऊ होणार नाही. मग दोघांतल्या एकाला मऊ राहावं लागतं, ते आपण राहायचं. त्या गरीब दिसणाऱ्या टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं, आणि त्या बारीक चिरा बर्फाला चिमटीत धरतात. ते चारही चाकांना घालायचे, दोनच घालून भागत नाही. एवढं करूनही निव्वळ काचेसारखा बर्फ असला तर साखळ्या बांधायच्या आणि माणसाच्या चालीने जायचं.’’

मग त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली सुयोगच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांना राहवेना. ‘‘अहो काका, पण तो तर नापास झाला! गाडी उतरवलीच नाही त्याने.’’

‘‘म्हणून तर दिली, बाई. टायर काय, उद्या ठाकूरकडून बदलून येतील. ‘माझ्याने होणार नाही’ हे चार माणसांत म्हणणारा चालक कुठल्या दुकानात मिळतो?’’

दुसऱ्या दिवशी मोकळ्या, उन्हातल्या रस्त्याने गाडी खाली गेली आणि चारही टायर बदलून आले. त्यानंतर सुयोगने त्या सरळ उतारावर आठ दिवस सराव केला. पायथ्याशी भुशाचं पोतं ठेवायचं, पायी चालावं इतक्या हळू उतरायचं, गाडी थांबली की उतरून अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी पोत्याला धक्का लागला. चौथ्या दिवसापासून लागला नाही. आठव्या दिवशी त्याने स्वतःच येऊन सांगितलं, ‘‘डॉक्टर, आता रोगी बसवायला हरकत नाही. सकाळचा गोठलेला बर्फ असेल तर मात्र मी साखळ्या बांधेन, अर्धा तास जास्त लागेल, आणि तुम्ही घाई करायची नाही.’’ डॉक्टर म्हणाल्या की या मुलाला पूर्वी कधी त्यांनी अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्याने सत्तावीस रोगी खाली पोचवले. दोनदा ‘आज रस्ता नाही’ म्हणून नकारही दिला. त्यांतल्या एकदा रोग्याच्या भावाने त्याला भेकड म्हटलं, ते त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऊन येताच त्याच रोग्याला त्याने सुखरूप खाली नेलं.

वसंतात बर्फ वितळला. एकदा ओसरीवर बसल्या बसल्या डॉक्टरांनी उस्तादांना विचारलंच, ‘‘काका, खरं सांगा. त्या दिवशी भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली की! चहा निम्मा शालीवर सांडला होता.’’

‘‘आणि तो उतरलाच असता तर?’’

उस्तादांनी गुडघे चोळले. ‘‘सहा महिने त्याला मीच शिकवलं होतं ना? मग समोर दुसऱ्या कुणाला बसवणार होतो?’’

मला ही गोष्ट डॉक्टरांनीच सांगितली. तेव्हापासून मी कुणाला काही शिकवायला बसलो की आधी विचारतो, या उताराच्या पायथ्याशी मी स्वतः बसेन का? बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं, आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतो.