पहिल्या पणतीतलं तेल

"माझं चुकलंय कुठे, तेवढं सांगा महाराज..."

मयूरी गुरवने लॅपटॉप पुढे धरला. केशवगिरी महाराजांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते दीपमाळेच्या कट्ट्यावर बसून वाती वळत होते. अंगावर भगवी वस्त्रं चढण्याआधी हा माणूस तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचा, गावातल्या पोरापोरींना मठाच्या ओसरीत अजूनही शिकवतो. आज मात्र जणू त्या गावचाच नव्हता.

मयूरीचा जीव टांगणीला लागला होता. त्रिपुरी पौर्णिमा, दिवेलागण जवळ आलेली. दरवर्षी तिचे आप्पा तेलाची किटली घेऊन ही उंच दीपमाळ चढायचे आणि एकेका दगडी हातावर पणती लावायचे. गेल्या वर्षी वरून पाय घसरला. गुडघा कामातून गेला, तरी माणूस हट्टी. गुरवाने दीपमाळ लावायची नाही तर कुणी, म्हणे.

मग मयूरीनेही हट्ट धरला. आप्पा यंदा चढणार नाहीत म्हणजे नाहीत. तिने प्रत्येक हातावर विजेचा दिवा बसवला आणि तारा खाली आणून लॅपटॉपला जोडल्या. आधी दर दिव्यासाठी वेगळी सूचना लिहिली होती, मारुतीच्या शेपटासारखी लांबलचक. महाराज म्हणाले, एकदाच लिही आणि यंत्राकडून तेच पुन्हा पुन्हा करून घे, यालाच लूप म्हणतात. तिने ते ऐटीत लिहिलं. कुणाला दाखवलंही नाही.

आणि आता सगळ्यात खालचा दिवा तेवढा लागत होता.

तारा तपासून झाल्या, दिवे बदलून झाले. आपल्या लूपमध्ये चूक असेल, हे काही केल्या तिला पटेना.

"यंत्र तर चालूच आहे," ती म्हणाली. "थांबतसुद्धा नाही. मग पुढचे का लागत नाहीत?"

महाराजांनी पुढची वात वळायला घेतली.

तिकडे आप्पांनी धोतर वर खोचलं आणि किटलीकडे हात नेला.

"आप्पा, तुम्ही चढायचं नाही. मी लावते म्हटलं ना, लावतेच."

आप्पांच्या आधी महाराजांनीच किटली उचलली. कट्ट्यावर आप्पांनी पणत्यांची ओळ मांडून ठेवली होती. महाराजांनी पहिल्या पणतीत तेल घातलं.

मग पुन्हा त्याच पणतीत घातलं.

मग पुन्हा...

पणती भरली. तेल काठावरून सांडलं, कट्ट्यावरून ओघळत महाराजांच्या भगव्या छाटीपर्यंत आलं. बाकीच्या पणत्या कोरड्या ठणठणीत. महाराज आपले शांतपणे ओततच होते. यांना वेड लागलं की काय, असं मयूरीला वाटून गेलं. तिला राहवेना.

"अहो महाराज, ती भरली. पुढच्या पणतीकडे सरका ना."

महाराजांचा हात थांबला.

"हे मला सांगितलंस. त्याला सांगितलंस?"

...

मयूरीने लॅपटॉपकडे पाहिलं. दिवा लाव, असं लिहिलं होतं. शेवटच्या दिव्यापर्यंत करत राहा, हेही लिहिलं होतं. पुढच्या दिव्याकडे जा, असं मात्र कुठेच नव्हतं. बिचारं यंत्र मघापासून इमानेइतबारे तोच एक दिवा लावत बसलं होतं.

तिचे कान लाल झाले. ओठ घट्ट मिटून तिने एक ओळ घातली.

दुसरा दिवा लागला. तिसरा लागला. उजेड एकेक हात चढत पार टोकाला गेला आणि तिथे यंत्र आपोआप थांबलं. आप्पा खाली, जमिनीवर, मान वर करून बघत उभे होते. मयूरीला रडूच आलं.

रडता रडता ती महाराजांवर रुसली. "न बघताच तुम्हाला चूक कळली होती ना? मग सरळ सांगितली का नाही?"

महाराज तेलकट हात पुसत होते.

"सांगितली असती, तर मी सरकलो असतो, मयूरी. तू पहिल्याच पणतीपाशी राहिली असतीस."