ठिपकीचा उसना कण

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. पौष महिना. कडाक्याची थंडी. बोरे पिकली होती.

येसू अनवाणी बोरे वेचायला गेली. पायाच्या अंगठ्यात काटा घुसला. कच्.

आईने काटा काढला. पण काट्याबरोबर एक जंतू आत गेला होता. तो आतच राहिला.

येसूच्या अंगठ्यात इवल्या इवल्या पेशी राहतात. आपण सगळे अशाच पेशींचे बनलो आहोत. त्यातली एक ठिपकी.

ठिपकीकडे पाहुणी येणार होती. म्हणून तिने शेजारच्या गोदाकाकूकडून साखरेचा कण उसना आणला. पाहुणी आली नाही. कण तसाच राहिला.

काकू म्हातारी. तिच्याकडे तेवढा एकच कण. ती म्हणाली होती, "जेवायच्या वेळेला परत आण गं. घरात दुसरं काही नाही."

जंतू काट्याने पाडलेल्या मागच्या भोकातून ठिपकीच्या घरात शिरला. त्याने कण काखोटीला मारला. अंगणात जाऊन बसला.

"कण दे," ठिपकी म्हणाली. "तो काकूचा आहे."

"शंभर झालो की वाटून खाऊ," जंतू म्हणाला. "तोवर तू रडत बस."

आणि एकाचे दोन झाले.

ठिपकी रडत बसली नाही. निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पांढरा शिपाई रक्तनळीत पोहत होता. डुबुक डुबुक. ठिपकीने बाहेरून हाक मारली.

"शिपाईदादा, शिपाईदादा, जंतूला धर. जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"नळीचं दार बंद आहे," शिपाई म्हणाला. "दार उघडल्याशिवाय मी येत नाही."

दोनांचे चार झाले.

ठिपकी दाराकडे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"दारबाई, दारबाई, तू उघड. शिपाई येईना, जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"मी भिंतीत घट्ट बसलेय," दार म्हणाले. "नळी फुगल्याशिवाय मी उघडत नाही."

चारांचे आठ झाले.

ठिपकी नळीला म्हणाली, "नळीमावशी, नळीमावशी, तू फुग. दार उघडेना, शिपाई येईना, जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"कोणी सांगितलं म्हणून फुगायला मी काय पुरी आहे?" नळी म्हणाली. "निरोप्या धावल्याशिवाय मी फुगत नाही."

आठांचे सोळा झाले.

निरोप्या कोपऱ्यात लोळत होता. घुर्र, घुर्र.

"निरोप्यामामा, निरोप्यामामा, तू धाव. नळी फुगेना, दार उघडेना, शिपाई येईना, जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"घंटा वाजल्याशिवाय मी धावत नाही."

"घंटा कुठे आहे?"

"तुझ्याच घरात," निरोप्या म्हणाला. "घर सोडून गावभर हिंडतेस ती."

सोळांचे बत्तीस झाले.

ठिपकी धावत घरी आली. लुटुलुटु, लुटुलुटु. वाटेत काकूचे घर लागले. काकू रिकामी वाटी घेऊन दारात बसली होती. ठिपकीने मान खाली घातली.

"घंटाताई, घंटाताई, तू वाज. निरोप्या धावेना, नळी फुगेना, दार उघडेना, शिपाई येईना, जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"माझी दोरी दारातल्या हाताकडे आहे," घंटा म्हणाली. "त्याने ओढल्याशिवाय मी वाजत नाही."

बत्तिसांचे चौसष्ट झाले. आता पुन्हा दुप्पट झाले, की शंभराच्या वर.

ठिपकीच्या दारात एक हात होता. त्याला डोळे नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याचा अंगरखा तो चाचपून बघे. रोज बघे. म्हणून ठिपकी त्याला विसरली होती.

"हातोबा, हातोबा, दोरी ओढ. घंटा वाजेना, निरोप्या धावेना, नळी फुगेना, दार उघडेना, शिपाई येईना, जंतू हटेना, काकूचा कण मिळेना."

"चोर माझ्यासमोरून आला नाही," हात म्हणाला. "मागच्या भोकातून आला. मी चाचपल्याशिवाय दोरी ओढत नाही. त्याच्या अंगरख्याचा धागा आण."

ठिपकी अंगणात गेली. चौसष्ट जंतू. सगळे तिच्याकडे बघत होते.

पण तिने जवळच्या जंतूच्या अंगरख्याचा धागा धरला. ओढला. चर्र.

ती मागे वळली. हाताला धागा दिला.

हाताने चाचपला. एकदा. दोनदा.

"खरखरीत. काटेरी. आपल्यात असा अंगरखा कोणी घालत नाही."

हाताने दोरी ओढली.

घंटा वाजली. टण टण टण.

निरोप्या धावला. धाड धाड धाड.

नळी फुगली. फुस्स.

दार उघडले. करकर.

शिपाई आला. एक नाही, शंभर आले. धप धप धप.

बाहेर आई म्हणाली, "येसू, अंगठा लाल झालाय. तापलाय."

"ठणकतोय गं."

"ठणकू दे. आत काम चाललंय."

गट्ट. शिपायाने जंतू गिळला. गट्ट, गट्ट, गट्ट. चौसष्टच्या चौसष्ट गिळले.

अंगणात कण पडला होता. ठिपकीने तो पुसला. काकूच्या दारात गेली.

"काकू, तुमचा कण."

काकूने वाटी पुढे केली. ठिपकीने कण वाटीत टाकला. टिंग.

उसने फिटले.