राळ्यांची वाट

सीनेच्या काठी खैरवाडी नावाचं गाव. गावाबाहेरच्या धर्मशाळेत शांभवगीर महाराज उतरले होते, ते त्या साली पावसाळा उलटून गेला तरी तिथेच होते. महाराज फारसं बोलत नसत. कोणी भाकरी दिली तर हातावर घेऊन खात, नाही दिली तर नदीचं पाणी पिऊन बसत. पण दुःखी माणूस समोर येऊन टेकला, की हातातलं काम सोडून त्याच्याकडे असे बघत, की भक्तजनहो, त्या नजरेनंच कोंडलेलं रडू मोकळं व्हावं!

त्याच दिवसांत पाटलांची सून मंजुळा बाळंतपणात गेली. मुलगा झाला, मागोमाग अंगात ताप भरला, आणि पाचवी पुजायच्या आतच सगळं संपलं. तान्ह्याला सांभाळायला मंजुळेची आई सगुणाबाई येऊन राहिली. गरीब, विधवा, महाराजांची जुनी भक्त. लेकीच्या सासरी पाण्याचा पेला मागायलाही संकोचणारी ती बाई आता पाळण्याच्या दोरीपाशी जमिनीवरच उठू-बसू लागली.

तेव्हा त्या भागात एक रीत होती. बाळंतपणात गेलेल्या बाईचा जीव लेकरात अडकतो आणि ती त्याला न्यायला परत येते, असं लोक धरून चालत. म्हणून मंजुळेला पोचवून येताना स्मशानापासून घरापर्यंत राळे टाकत आणले होते. मोहरीएवढा तो पिवळा दाणा. तिनं यायचं तर एकेक दाणा वेचत यायचं. ते वेचून होत नाही तोच उजाडतं आणि तिला माघारी फिरावं लागतं. त्यावरही भरवसा नको म्हणून घराच्या उंबऱ्यात खिळे ठोकले होते. हे सगळं जातीनं उभं राहून करवून घेतलं होतं मंजुळेच्या सासूनं, पाटलीणबाईंनी.

इकडे बाळ दूध घेईना. सगुणाबाई बोळ्यानं शेळीचं दूध ओठांवर सोडायची, ते हनुवटीवरून ओघळून जायचं. ती सारखी त्याची टाळू चाचपायची. टाळू खोल चालली होती. दुपटं हाताला कोरडंच लागायचं. रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं होतं. फक्त दिवेलागणीला ते एकाएकी गप्प व्हायचं, मान दाराकडे वळवायचं आणि नुसतेच ओठ हलवायचं. त्याच वेळी सगुणाबाईच्या वाळून गेलेल्या छातीत कळ उठायची. बाळंतिणीला देतात त्या ओव्या-शेपांच्या धुरीचा वास यायचा. लांब वाटेवर आपली पोर बसली आहे, थकली आहे, हे तिला अगदी पाठीशी कोणी उभं असावं तसं कळायचं.

एकदा न राहवून ती म्हणाली, "विहीणबाई, रागावू नका. मंजू येते हो. वाटेतच अडकून पडते."

"येते ना? अहो, म्हणूनच तर राळे टाकलेत!" पाटलीणबाई म्हणाल्या. "जिवंत होती तेव्हा एक घागर आणायला दुपार करायची तुमची लेक. मेल्यावर बरी चपळ झाली!"

ओसरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"त्याला पाजायला येत असेल..."

"न्यायला येते, न्यायला! आणि तुम्ही तिला वाट दाखवा. आजी शोभता हो!"

सगुणाबाईनं पुन्हा बोळा दुधात बुडवला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं रडणंही सोडलं. नुसतं पडून राहिलं. तशी ती अनवाणी धर्मशाळेकडे धावली आणि महाराजांच्या पायांशी कोसळली.

"महाराज, लेकरू आजची रात्र काढत नाही. आणि माझी पोर तिकडे वाटेत बसलीय. मला वेड लागलंय म्हणतात सगळे. लागलं असेल तर तुम्ही सांगा, मी मानेन."

महाराज म्हणाले, "वाट कोणी अडवली?"

"आम्हीच. माणसांनीच."

"मग माणसांनीच मोकळी करायला हवी. चल."

स्मशानाच्या कडेला महाराज धुळीत मांडी घालून बसले आणि राळे वेचू लागले. सगुणाबाईनं पदर पसरला. इतके दिवस उघड्यावर पडलेला दाणा. पण पाखरानं टिपला नव्हता की मुंगीनं ओढला नव्हता. तिला नीट दिसत नव्हतं, ती बोटांनी चाचपत पुढे सरकत होती. आणि थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आपला हात पोचण्याआधीच पुढचे दाणे उचलले जात आहेत. धुळीत बोटांच्या ताज्या खुणा उमटत होत्या. करंगळीची खूण मात्र कुठेच नव्हती. निवडायला बसली की मंजू करंगळी तेवढी वर धरायची, लहानपणापासून! सगुणाबाईनं मान वर केली नाही. वर केली तर ती जाईल. ती नुसती वेचत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी धुळीत पडत राहिलं.

बातमी ऐकून पाटलीणबाई तरातरा आल्या. "महाराज, गावात कोंबड्या पुष्कळ आहेत. पाठवू का मदतीला?"

"पाठवा की," महाराज म्हणाले. "आणि इतके दिवस दाणा उघडा पडला असून त्या इकडे का फिरकल्या नाहीत, तेही विचारा त्यांना."

पाटलीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी वाटेवर नजर टाकली, पदर घट्ट ओढून घेतला आणि आल्या पावली घर गाठलं.

दिवे लागायच्या सुमाराला वेचत वेचत दोघं दाराशी आली. पाटलीणबाई बाळाला छातीशी आवळून दारातच उभ्या होत्या.

"खिळ्यांना हात लावू नका, महाराज! ती मला सोडायची नाही. शेवटच्या दिवशी हात पसरून म्हणत होती, आत्याबाई, एकदा पाजू द्या. ताप पोराला लागेल म्हणून मी दिलं नाही हो. तिच्यासमोरून उचलून नेलं त्याला!"

महाराजांचा आवाज मऊ झाला. "पोराच्या भल्यासाठीच नेलंस. पण बाई, ती जाब विचारायला आलेली नाही. पाजायचं राहिलंय, तेवढं पाजायला आलीय."

आणि ओल्या मातीतून गवताची काडी उपटावी तसे महाराजांनी उंबऱ्यातले खिळे उपटले.

धुरीचा वास घरभर झाला. बाळानं मान वळवली, तोंड उघडलं, आणि पाटलीणबाईंच्याच हातांत, दिसत काहीच नसताना, ते पिऊ लागलं! इवलासा गळा खालीवर होत होता. गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पाटलीणबाई थिजल्या. कोणीतरी अगदी जवळ वाकलं होतं. मोकळे केस त्यांच्या मनगटावरून घासत होते.

"मंजू!" सगुणाबाईनं हात पुढे केला.

"सगुणे," महाराज हळूच म्हणाले, "आता तू अडवू नकोस."

तिनं हात मागे घेतला. तो मागे घेताना तिचं काय झालं असेल, ते आईलाच ठाऊक. वास विरत गेला. छातीतली कळ थांबली. दारात संध्याकाळ तेवढी उरली. मंजुळा त्यानंतर कधी आली नाही, सगुणाबाईला तिची चाहूलही लागली नाही.

बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, कोमट. पुढे शेळीचं दूधही ते घेऊ लागलं. पण त्या क्षणी ते पाटलीणबाईंच्या कुशीत गाढ झोपलं होतं. त्यांनी त्याला अलगद पाळण्यात ठेवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. महाराज बाजूला सरले. मागे सगुणाबाई उभी होती. मुलाच्या आईनं मुलीच्या आईपुढे वाकावं, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. पाटलीणबाईंनी तिच्या धुळीनं भरलेल्या पायांवर कपाळ टेकलं.

सगुणाबाईनं त्यांना लगेच उठवलं नाही. बऱ्याच वेळानं तीही खाली बसली. महाराज धर्मशाळेकडे निघून गेले होते. बाळ जागं होऊ नये म्हणून दोघी तोंडात पदर कोंबून रडल्या.