डबा परत येतो तेव्हा

एकदा एक म्हातारा वैद्य होता. नाडी बघताना तो डोळे मिटून घेई आणि लोकांना वाटे, ध्यान लागलं. खरं तर रोग्याच्या घरी आज काय शिजलं आहे याचा तो वास घेत असे, आणि अर्धं निदान तिथेच होऊन जाई. गाव त्याला नाना म्हणे. बायको कधीच वारली होती, मुलं शहरात स्थिरावली होती. औषधं कुटायला आणि विद्या शिकायला हाताशी एक शिष्या होती, वैजयंती. शेजारच्या आळीत गेल्याच वैशाखात सून म्हणून आलेली. खल-बत्त्यात हात पक्का, पण चमकदार वस्तू दिसली की डोळे भिरभिरायचे. हा दोष तिचा एकटीचा नव्हे, हे वाचणाऱ्या आयाबायांनी मनात म्हणून घ्यावं. पुरुषांनी मोठ्याने म्हणावं.

तर वैजयंतीची पहिली संक्रांत जवळ आली. पहिलं हळदीकुंकू, पहिलं वाण लुटायचं. आणि हे गाव वाणाच्या बाबतीत महादुष्ट होतं. जी वस्तू तुम्ही वाटाल, तिच्यासकट तुमचं नाव जन्मभर गावात फिरणार. कुणाच्या घरी 'सरूकाकूंची किसणी', कुणाच्या घरी 'गोदामावशींची पळी'. वस्तू टिकली तर मान, मोडली तर वाभाडे. वैजयंतीच्या थोरल्या जाऊबाईंनी काही वर्षांपूर्वी चहाची गाळणी वाटली होती. पहिल्याच चहाला अर्ध्या गावाच्या हातात नुसता दांडा राहिला आणि जाळी पातेल्यात बुडाली. तेव्हापासून एवढी शिकलेली, देखणी बाई, पण गाव तिला 'दांडावहिनी' म्हणतं. तोंडावर नाही, हे गावाचं सौजन्य.

वैजयंतीला झोप येत नव्हती ती याच कारणाने. आपलं नाव कशाला चिकटणार?

तिने ठरवलं, डबे वाटायचे. घरोघर लागतात, मुलांच्या शाळेला लागतात, शेजारी भाजी पाठवायला लागतात. बाजारपेठेतल्या शेठच्या दुकानात तिने एक डबा पाहून ठेवला. गुलाबी, आरपार दिसणारा प्लास्टिकचा, झाकणावर सोनेरी फूल आणि दोन्ही बाजूंना चाप. ती गुरूला घेऊनच दुकानात गेली.

शेठने डबा काउंटरवर दाणकन आपटला. "बघा नाना. अनब्रेकेबल."

"आपटून कोण जेवतं रे?" नाना म्हणाला.

"मजबुती दाखवतो. वहिनी, आख्ख्या तालुक्यात असला पीस नाही. आमच्या घरी सगळे हेच डबे आहेत."

"खरंच?" नानाचा चेहरा एकदम भाविक झाला. "शेठ, मग एक पुण्याचं काम कर. म्हातारा एकटा आहे, हाताला चव राहिली नाही. थोडे दिवस दुपारचं जेवण तुझ्या घरून पाठव. याच डब्यातून. डबा मी रोज परत करीन."

म्हाताऱ्याला जेवू घालायला नाही कोण म्हणणार, तेही गिऱ्हाइकांच्या देखत? शेठ हो म्हणाला. वैजयंती मात्र लाजेने अर्धी झाली. वाण ठरवायला आणलं आणि गुरुजींनी स्वतःच्या जेवणाची सोय लावली. शेठ तिला म्हणाला, "वहिनी, डबे बाजूला काढून ठेवतो, पण लौकर सांगा. दुसऱ्या एक बाई मागून गेल्यात." व्यापाऱ्याकडे ही दुसरी बाई नेहमीच असते. तिला आजवर कुणी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गुलाबी डबा यायला लागला. नाना त्यातली फडक्यात गुंडाळलेली भाकरी खाई आणि भाजी बाजूला सारी. वैजयंतीला वाटे, फुकटचं अन्न आणि वर ही मिजास. पण खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच होती. आपल्याकडे शेजारच्या घरचा डबा रिकामा परत देत नाहीत. निदान साखरेची चिमूट तरी घालतात. आणि भरून आलेला डबा नाकारणं म्हणजे तर भांडणाचं निमंत्रण. नानाने या रिवाजाचा पुरेपूर फायदा घेतला. पहिल्या दिवशी त्याने चुलीवरून उतरवलेलं कुळथाचं कढत पिठलं थेट डब्यात ओतलं आणि झाकण लावून म्हणाला, "पळ. निवायच्या आत पोचव."

"नाना, एवढं गरम?"

"शेठला गरम आवडतं."

पुढच्या वेळी ओल्या हळदीचं लोणचं, वर तेलाचा तवंग. त्यानंतर चिंचेचं आंबट सार, तेही उकळतं. वैजयंती डबा घेऊन पेठेतून जाई तेव्हा कट्ट्यावरचे रिकामटेकडे विचारत, "काय वहिनी, नानांना वाण आधीच मिळालं वाटतं?" ती खाली मान घालून चाले. संक्रांत अंगावर येत होती आणि गुरुजी डबा-डबा खेळत होते.

डब्याची तब्येत मात्र पालटत चालली. आधी झाकण पोटात आत गेलं, उपाशी माणसासारखं. मग एक चाप कानशिलातून तुटला. रंग पिवळसर पडला. डबा पोचवताना वैजयंती विचारी, आणि शेठकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

"झाकणाचं काय शेठ?"

"जरासं बसलंय. उन्हात ठेवलं की उठेल."

"चाप?"

"एका चापावर पण चालतो. दुसरा शोभेचा होता."

धन्य आहे. मंत्री व्हायचा माणूस, दुकानात अडकला.

आणि मग एके सकाळी शेठाणी स्वतःच दवाखान्यात आली. पदर खोचलेला, एका हातात तो वाकडा गुलाबी डबा आणि दुसऱ्या हातात पिशवी. रोगी रांगेत बसले होते, तरी ती सरळ आत.

"नाना, तुम्ही मोठे आहात म्हणून गप्प होते. हे काय चालवलंय? तुमचं पिठलं आलं, त्याला नव्या चपलेचा वास. सार आलं, त्याला चपलेचा वास. मी एकही घास घरात कुणाच्या तोंडी पडू दिला नाही. सगळं केळीच्या बुंध्याशी ओतलं."

"ठाऊक होतं," नाना म्हणाला. "तुझं नाक साऱ्या गावाला माहीत आहे. तू ओतशील या भरवशावरच पाठवत होतो. मीसुद्धा त्यातली भाजी खाल्ली नाही, ती आमच्या केळीने खाल्ली. पण वास माझ्या पिठल्याचा कसा असेल? डब्याचा असेल. तुमच्या घरी तर सगळे हेच डबे आहेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"तुझे यजमान."

शेठाणीने क्षणभर वर आढ्याकडे पाहिलं. लग्न झालेल्या बायका असं पाहतात. मग म्हणाली, "असला डबा मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. तुमच्यासाठी म्हणून दुकानातून आणला होता. आमच्या घरी हे असतात." आणि पिशवीतून तिने तिचा स्वतःचा डबा काढला. दुधी रंगाचा, जाडसर, कोपरे गोल, झाकणात रबराची कडी. ना फूल, ना सोनं. शाळामास्तरासारखा साधा.

आणि नाना, जो चाळीस वर्षांत रोग्यासमोर कधी हसला नव्हता, तो गुडघ्यावर थाप मारून खदखदून हसला. रांगेतल्या एका म्हातारीला वाटलं, आपलं काही खरं नाही.

"वैजू, इकडे ये. रोगी आला की आपण आधी काय बघतो?"

"जीभ."

"डब्याची जीभ त्याच्या बुडाला असते. उलटे कर दोन्ही."

तिने उलटे केले. दुधी डब्याच्या बुडाला बाणांचा त्रिकोण होता आणि आत प्लास्टिकची जात सांगणारा पाचाचा आकडा. शेजारी पेला आणि काट्याचं चित्र, म्हणजे हा अन्नासाठी केलेला आहे. खाली बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. गुलाबी डब्याचं बूड कोरं होतं. ना आकडा, ना चित्र, ना नाव.

"ज्याने केला त्याला आपलं नाव सांगायची लाज वाटली," नाना म्हणाला, "आणि तू त्यावर तुझं नाव लावणार होतीस."

वैजयंती पुढे झाली. तिने हळूच गुलाबी डब्याचा वास घेतला. नव्या चपलेचा. गिऱ्हाईक म्हणून तिने तो दुकानात कितीदा हातात घेतला होता, पण नाकाशी एकदाही नेला नव्हता.

"पण हे दुधी डबे मिळतात कुठे?" तिने विचारलं.

"आमच्याच दुकानात," शेठाणी म्हणाली. "मागच्या फळीवर. धूळ खात पडलेत. चमकत नाहीत ना, म्हणून कुणी मागत नाही, आणि हे पुढे मांडत नाहीत."

सगळी वरात दुकानात गेली. पुढे शेठाणी, मागे नाना, त्यामागे वैजयंती, आणि करमणूक सोडवेना म्हणून निम्मे रोगी. शेठने बायकोला पाहिलं आणि कुणी काही बोलायच्या आत मुकाट्याने शिडी लावून मागची फळी गाठली. दुधी डबा महाग होता. तेवढ्या आकाराचे सगळ्या गावाला वाटणं वैजयंतीला झेपणारं नव्हतं. ती अडखळली, तिने गुरूकडे पाहिलं. नाना मुद्दाम छताकडे बघत होता. मग तीच म्हणाली, "शेठ, यातला धाकटा आकार द्या. आकार कमी करते, डब्याची जात नाही."

नानाने मान खाली आणली. त्याचे डोळे मिटलेले होते, आणि या वेळी तो कसलाही वास घेत नव्हता.

हळदीकुंकवाला बायका जमल्या. वैजयंतीने एकेक डबा तिळगूळ भरून हातात दिला. बायकांनी झाकणावर फूल शोधलं. नव्हतं. एकमेकींकडे पाहणं झालं. जाऊबाई तर सर्वांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "वैद्याकडे शिकते ना, औषधाचा डबा दिलाय. दोन चमचे, जेवणानंतर." सगळ्या हसल्या. वैजयंतीही हसली, आणि म्हणाली, "ताई, याला जपायचं नाही, वापरायचं. फक्त उकळतं ओतू नका, निववून भरा. आणि आतून फार ओरखडे पडले की याला जेवणातून निवृत्त करा, बटणं ठेवा. बाकी काही होणार नाही."

"बघू," जाऊबाई म्हणाल्या. हा शब्द त्या घरात फार तिखट असे.

मग डबे फिरायला लागले. रिकामा परत द्यायचा नाही, त्यामुळे एकदा फिरायला लागलेला डबा या गावात थांबत नाही. या घरची कोशिंबीर त्या घरी, तिकडचा दहीभात इकडे. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक गेला, मिरगुंडं आली. कुणाच्या हातून डबा माडीवरून अंगणात पडला आणि उसळून तुळशीपाशी जाऊन बसला, आतलं ताक सांडलं नाही. जाऊबाईंच्या धाकट्याने तर त्यावर बसून पूर्ण महिना आंघोळ केली. हळदीने तोही थोडा पिवळा पडला, हे खरं. हळद कुणालाच सोडत नाही, नवरीलाही नाही. पण झाकण घट्ट, कोपरा शाबूत, आणि आतल्या श्रीखंडाला श्रीखंडाचाच वास. गुलाबी डबे शेठने पुढच्या फळीवरून काढले. आता ते त्याच्या गोदामात खिळे-मोळे सांभाळतात आणि तिथे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा संक्रांतीचे दिवस आले. एका दुपारी वैजयंती काढा गाळत असताना दारात जाऊबाई उभ्या राहिल्या. हातात तोच दुधी डबा, गाजराच्या हलव्याने भरलेला.

"नानांना दे," त्या म्हणाल्या. जाता जाता थबकल्या. "आणि संध्याकाळी घरी येताना एक वैजयंती घेऊन ये गं. आमची एक तुझ्या मावसनणंदेकडे गेली ती आलीच नाही."

"एक काय?"

"वैजयंती. डबा गं. सगळं गाव त्याला तेच म्हणतं. तुला ठाऊक नाही?"

आणि दांडावहिनी निघून गेली. जिच्या नावाला गाळणीचा दांडा चिकटला, तिनेच धाकट्या जावेचं नाव डब्याला लावून घरोघर पोचवलं होतं. वैजयंती हलव्याचा डबा घेऊन वळली. मग आत येऊन म्हणाली, "नाना, एक विचारू? तुम्ही पहिल्याच दिवशी डबा उलटा करायला सांगितला असता तर? मला पेठेतून ती पिठल्याची मिरवणूक काढावी लागली नसती."

नानाने हलव्याचा घास संपवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस, आणि डोळे फुलावरच राहिले असते. दुकानात डबा रिकामा असतो, पोरी. रिकामेपणी सगळेच शहाणे दिसतात. डबे, जावई, पुढारी, सगळे. त्यात कढत पडू दे, आंबट पडू दे, लोक त्याला चार घरं फिरवू देत. डबा जाताना काही बोलत नाही. परत येतो तेव्हा सगळं सांगतो. पण मुलाच्या तोंडी जाणाऱ्या घासावर रोज अशी परीक्षा घेता येत नाही, म्हणून ती आपल्या आधी डबा करणाऱ्यानेच घेतली आहे का, ते बुडाशी लिहिलेलं बघायचं. आणि लिहिलेलं असलं तरी नाक बरोबर न्यायचं."

वैजयंतीने डबा रिकामा केला, धुतला, पुसला. मग सवयीने उलटा करून पाहिला. वर्षभर साऱ्या गावाने घासूनही त्रिकोणातला आकडा जागेवर होता. ती स्वतःशीच हसली आणि त्यात मूठभर सुकलेले आवळे घालून, झाकण दाबून, जाऊबाईंकडे निघाली.

आता तुम्ही जागचे उठा. फडताळातला सगळ्यात चकचकीत डबा काढा, उलटा करा, आणि बूड कोरं निघालं तर तो कुणी वाण दिला होता ते आठवू नका. नुसते खिळे ठेवा.